आखूड तारेची बास गिटार

लग्नसराईच्या दिवसांत आमच्या मासवणसारख्या गांवीं रात्रीं दूरवरून वाद्यवृंदाचा आवाज येऊं लागला, म्हणजे गाणें कोणतें चाललें आहे तें प्रथम कळत नाहीं. शब्द ऐकूं येत नाहींत, बारीक सुरांचीं वाद्येंहि ऐकूं येत नाहींत. सूर्या नदीच्या पात्रावरून आधीं कानीं पडतो तो एक खोल, घुमणारा, पावलें टाकीत चालल्यासारखा नाद. बहुतेकांस तो ढोलच वाटतो. पण नीट कान दिला तर त्या नादाला स्वरांचा चढउतार आहे असें ध्यानांत येतें. हा नाद बास गिटारीचा. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं हें काम विजेच्या पेटीवर डाव्या हातानें उरकून घेतात, तो भाग निराळा. परंतु जेथें खरें वाद्य असतें तेथें त्याचा वादक गायकाच्या पाठीमागें, उजेडाच्या कडेला उभा असतो आणि टाळ्या त्याच्या वांट्याला क्वचितच येतात. तो मध्येंच थांबला तर मात्र सगळें गाणें एक पाय निघालेल्या खुर्चीसारखें डळमळूं लागतें.

आज मला ह्या वाद्याच्या एका आखूड जातीविषयीं बोलावयाचें आहे. दुकानांत तिला ‘शॉर्ट स्केल’ म्हणतात. आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं मुलगे आणि मुलीहि बास गिटार मागूं लागल्या आहेत, आणि आईबाप ती घेऊनहि देतात. घेतांना मात्र शाळेच्या गणवेषाचा न्याय लावतात: मूल वाढतें आहे, तेव्हां माप मोठेंच घ्यावें, म्हणजे पुढें उपयोगीं पडेल. सदरा मोठा असला तर बाह्या दुमडतां येतात. वाद्य दुमडतां येत नाहीं. पांच-सहा महिन्यांनीं तें कपाटावर चढतें, आणि ‘पोराला नादच नव्हता’ असा निकाल लागतो. मी स्वतः वादक नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली, शाळेंत विज्ञान शिकविलें आणि प्रार्थनेला पेटी धरली, एवढाच माझा अधिकार. पण ह्या निकालामागें पुष्कळदां पोराचा दोष नसून इंचांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब सातवीच्या मुलालाहि समजण्यासारखा आहे.

प्रथम वाद्य म्हणजे काय तें पाहूं. साध्या गिटारीला सहा तारा असतात, बास गिटारीला बहुधा चार. ह्या चार तारा म्हणजे साध्या गिटारीच्या जाड बाजूकडील चार ताराच, पण बरोबर एक सप्तक खालीं उतरविलेल्या. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर सर्वांत जाड तार पांढरी तीनची, मग क्रमानें पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पांच. कंपनांचे आंकडे हवे असतील तर सेकंदाला सुमारें ४१, ५५, ७३ व ९८. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें ६९ कंपनें करते. त्या खर्जाच्याहि पुष्कळ खालीं हें वाद्य उतरतें.

पूर्वीं हें काम डबल बास नांवाचें उभें वाद्य करीत असे. माणसाच्या डोक्याहून उंच अशी ती एक राक्षसी व्हायोलिनच. मुंबईच्या हॉटेलांतून आणि पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गोमंतकीय वादकांनीं ती वर्षानुवर्षें वाजविली. ती घेऊन प्रवास करणें म्हणजे घरांतील कपाट बरोबर घेऊन फिरण्यासारखें. म्हणून तीच तार आडवी धरून, पडदे बसवून, विजेच्या साहाय्यानें मोठी करून वाजवितां आली तर पाहावी असा विचार अमेरिकेंत निघाला. सिॲटल शहरीं पॉल टटमार्क ह्यानें १९३० नंतरच्या दशकांत तसें वाद्य करून विकलेंहि, पण तें फारसें चाललें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर ह्याच्या कारखान्यांतून प्रिसिजन बास बाहेर पडली, आणि तेथून जगभर हें वाद्य रुळलें. आपल्याकडे राहुल देव बर्मन ह्यांच्या ताफ्यांतील बास गिटारवादक टोनी वाझ ह्यांचें नांव जाणकार आदरानें घेतात. त्यांचें वादन आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. फक्त तें त्यांचें आहे हें आपणांस ठाऊक नव्हतें.

फेंडरनें आपल्या वाद्याच्या तारेची लांबी ३४ इंच ठेविली. लांबी म्हणजे घोडीपासून वरच्या टोकाच्या खांचेपर्यंत जेवढी तार मोकळी कांपते तेवढी. हें माप पुढें इतकें सर्वमान्य झालें कीं तेंच ‘पूर्ण’ माप आणि त्याहून कमी तें अपुरें, मुलांच्या हातीं देण्याजोगें, अशी समजूत पसरली. इतिहास पाहतां ह्या समजुतीला आधार नाहीं. गिब्सन कंपनीनें १९५३ सालीं जी पहिली बास काढली तिची तार साडेतीस इंचांची होती. जर्मनींतील हॉफनर कारखान्यानें १९५६ सालीं व्हायोलिनच्या घाटाची बास काढली, तिची तार ३० इंचांची. बीटल्स मंडळींतील पॉल मॅकार्टनी ह्यानें ती १९६१ सालीं हँबुर्ग शहरीं विकत घेतली. तो डावखुरा, वाद्याचा घाट दोन्ही बाजूंनीं सारखा असल्यामुळें उलटें धरलें तरी तें विचित्र दिसणार नाहीं, हें एक कारण, आणि किंमत परवडली हें दुसरें. त्या मंडळींचीं पहिल्या कांहीं वर्षांतील जगद्विख्यात गाणीं ह्याच आखूड वाद्यावर उभीं आहेत. खुद्द फेंडरनेंहि १९६६ सालीं मस्टँग नांवाची ३० इंची बास बाजारांत आणली. रोलिंग स्टोन्स मंडळींतील बिल वायमन ह्याचे हात लहान; त्यानें बहुतेक सारी कारकीर्द आखूड वाद्यांवरच काढली.

आतां शंका अशी येते कीं, तार आखूड झाली तर स्वर चढावयास हवा. मग ३० इंचांत तोच खोल स्वर बसतो कसा? शाळेंत मीं ह्याचा प्रयोग मुलांकडून टेबलाला खिळा ठोकून, तारेला वजनें टांगून करून घेत असें. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि तारेचें वजन. फ्रान्समधील मेर्सेन नांवाच्या धर्मोपदेशक पंडितानें १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याचे नियम मांडले. लांबी निम्मी केली तर स्वर एक सप्तक चढतो. ताण चौपट केला तरीहि एक सप्तकच चढतो. तेवढ्याच लांबीच्या तारेचें वजन चौपट केलें तर एक सप्तक उतरतो. तेव्हां लांबी कमी करूनहि स्वर तोच ठेवावयाचा असेल तर ताण कमी केला पाहिजे, किंवा तार जड केली पाहिजे. तीच तार ३४ इंचांऐवजीं ३० इंचांवर लावून तोच स्वर मिळविला, तर ताण मूळच्या सुमारें ७८ टक्के राहतो. म्हणजे जवळजवळ पाव भाग ओढ कमी झाली. बोटाला तार दाबावयास तितकी हलकी लागते.

दुसरा लाभ पडद्यांच्या अंतरांत. बास गिटारीवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंत डाव्या हाताचीं चार बोटें पसरून ठेवावीं लागतात. ३४ इंची वाद्यावर हें अंतर पांच इंचांहून किंचित् अधिक असतें, ३० इंची वाद्यावर साडेचार इंच. फरक अवघा अर्ध्या इंचाहून थोडा अधिक. कागदावर तो क्षुल्लक दिसतो; पण आपला डावा हात टेबलावर ठेवून तर्जनीपासून करंगळीपर्यंत ताणून पाहा, आणि ताणाच्या शेवटीं आणखी अर्धा इंच मागा. तेथें मनगट दुखूं लागतें. माझी एक जुनी विद्यार्थिनी बोईसरला नोकरी करते. चाळिशीनंतर तिनें हौसेनें मोठी बास गिटार घेतली, आणि चार महिन्यांत मनगटाला पट्टा बांधून मजकडे आली. तिला वाटलें, वय आड आलें. आम्हीं फूटपट्टी घेऊन हात मोजला, वाद्य मोजलें. पुढें तिनें तें बदलून ३० इंची घेतलें आणि आज ती घरीं रोज तासभर वाजविते. वय तेंच आहे.

येथें मिरजेची आठवण होणें साहजिक आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथें सतारी-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर पुरुषांचा तंबोरा निराळा करतात, स्त्रियांचा निराळा, आणि वादकांच्या साथीसाठीं लहानशी तंबोरी निराळी. लहान तंबोरीला कोणी पोरखेळ म्हणत नाहीं. मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. स्त्रियांच्या तंबोऱ्याचा षड्जच वरचा असतो, म्हणून तो आखूड. बास गिटारींत आखूड वाद्याचाहि स्वर तोच खोल राहतो. बदलतो तो नादाचा पोत.

हा पोत काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण निवड शेवटीं ह्यावरच ठरते. ताण कमी असला कीं तार सैल, मोठी झोके घेत कांपते. मूळ स्वर भरघोस ऐकूं येतो आणि वरचे सूक्ष्म स्वर लौकर मावळतात. नाद गोल, मऊ, जरा फुगीर होतो. जुन्या डबल बासच्या जवळ जातो. लांब तारेचा नाद अधिक आंवळलेला, रेखीव आणि धातूची झांक असलेला. अंगठ्यानें तारेवर फटका मारून वाजविण्याची जी आधुनिक तऱ्हा आहे, तिच्यासाठीं लांब तारच बरी. पांच तारांचें वाद्य हवें असेल तर त्याची सर्वांत जाड तार आखूड लांबीवर फार लोंबते. त्या वाटेला नवशिक्यानें जाऊं नये. मोठ्या पंजाच्या माणसाला वरच्या पडद्यांत दाटीहि वाटते. पण घरगुती गाणें, भावगीत, जुनें चित्रपटगीत, अभंग, ह्यांना गोल नाद अधिक शोभतो असें माझें मत आहे.

आखूड वाद्याची दुखरी जागा म्हणजे त्याची जाड तार. हलक्या वाद्यांत ती घोगरी होते आणि दोन स्वर एकमेकांत मिसळल्यासारखे ऐकूं येतात. म्हणून दुकानांत गेल्यावर विक्रेता जी वरची, बारीक तारेची चमकदार करामत वाजवून दाखवितो तिकडे लक्ष देऊं नये. जाड तारेवर पहिल्या पांच पडद्यांचे स्वर सावकाश, एकेक करून वाजवावे. पांचहि स्वर निराळे ओळखूं आले तर वाद्य ठीक. तारा थोड्या जाड घातल्यानें हा दोष पुष्कळ कमी होतो. तारा विकत घेतांना मात्र आखूड वाद्याच्या म्हणूनच मागून घ्याव्या. लांब वाद्याच्या तारेचा जाड भाग आखूड वाद्यावर खुंटीपर्यंत पोंचतो. तो खुंटीभोवतीं नीट गुंडाळला जात नाहीं, आणि कधीं कधीं तार तुटतेहि.

दुकानाविषयीं. पालघर-बोईसरकडील मंडळींना डहाणूहून चर्चगेटला जाणारी लोकल २०१३ पासून मिळाली आहे. मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावाकडे चालत गेलें कीं १८६५ पासूनचें फुर्टाडो ह्यांचें वाद्यांचें दुकान आहे. तेथें जावें किंवा अन्यत्र, पण वाद्य हातांत घेतल्यावांचून घेऊं नये. घरबसल्या मागविलेल्या वाद्याचें चित्र मांडीवर बसत नाहीं. आखूड बास दुकानांत टांगलेली नसेल तरीहि एक परीक्षा करतां येते. ३४ इंची वाद्यावर दुसऱ्या पडद्यापासून घोडीपर्यंतचें अंतर ३० इंचांहून किंचित् अधिक भरतें. तेव्हां लांब वाद्य घेऊन दुसरा पडदा हाच आरंभ समजावा आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत बोटें ठेवावीं. हाताला जें वाटेल तें जवळजवळ आखूड वाद्याचेंच माप. मग पहिल्या पडद्याशीं येऊन तींच बोटें ठेवावीं. ह्या दोन जागांतील फरक हाताला जाणवला नाहीं, तर खुशाल लांब वाद्य घ्यावें. जाणवला, तर दुकानदारानें कितीहि आग्रह केला तरी आखूड वाद्याचीच वाट पाहावी. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीं याहूनहि आखूड, आयबानेझची मिक्रो नांवाची २८.६ इंची बास मिळते. स्क्वायरची ब्रॉन्को ३० इंची आहे, आणि नवशिक्याला ती पुरेशी आहे.

वाद्य गळ्यांत अडकवून उभें राहावें आणि दोन्ही हात सोडावे. दांडी खालीं जमिनीकडे झुकूं लागली तर तें वाद्य नापसंत करावें, कारण मग डावा हात स्वर धरण्याऐवजीं दांडी उचलून धरण्यांतच दमतो. आखूड वाद्यांचें अंग हलकें असल्यामुळें हा दोष त्यांत पुष्कळ वेळां सांपडतो. त्यानंतर सुतार फळीची धार डोळ्यापाशीं धरून पाहतो तशी दांडी पाहावी. ती अगदीं किंचित् खोलगट असावी. पीळ मुळींच नसावा. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतें टेकवून छेडावें, मग तेथेंच दाबून छेडावें. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. न आले तर घोडीची जागा दुकानदाराकडून सारून घ्यावी, त्यानें अनमान करूं नये. रंग आणि चकाकी ह्यांवर मी कांहीं बोलत नाहीं. मुलें तें बघतातच, आणि बघूं द्यावें. जें वाद्य देखणें वाटतें तें अधिक वेळां हातीं घेतलें जातें.

बास गिटारीच्या तारांखालीं चुंबकें व वेटोळीं असतात आणि आवाज यंत्रांतून काढावा लागतो. साध्या गिटारीच्या लहान यंत्राला ही गिटार जोडूं नये. खोल स्वरांनीं त्याचा पडदा फाटण्याची भीति असते. बाससाठीं केलेलें लहान यंत्र घ्यावें. सदनिकेंत राहणाऱ्यांना आणखी एक सूचना आहे. खोल नाद भिंतींतून सहज पलीकडे जातो. आपल्याला मंद वाटतो तेव्हांहि शेजाऱ्याच्या खाटेला तो कळतो. रात्रीं कानाला लावावयाचीं श्रवणयंत्रें वापरलीं कीं तंट्याचें कारण उरत नाहीं.

आतां आनंदाकडे वळूं. ज्या घरांत पेटी आहे आणि कोणी अभंग म्हणतें, त्या घरांत ह्या वाद्याला पहिल्याच आठवड्यांत काम मिळतें. गाणारा काळी एकमध्यें असेल तर दुसऱ्या जाड तारेवर, म्हणजे पांढरी सहाच्या तारेवर, चौथा पडदा धरावा. हा षड्ज, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा तोच स्वर. त्याच चौथ्या पडद्यावर शेजारच्या सर्वांत जाड तारेवर खालचा पंचम मिळतो. सहाव्या पडद्यावर उरलेल्या दोन तारांवर अनुक्रमें मधला पंचम आणि वरचा षड्ज मिळतो. एवढ्या चार जागा साधल्या कीं भजनी ठेक्याबरोबर तासभर साथ करतां येते. गाणाऱ्यानें पट्टी बदलली तर बोटांची हीच आकृति उचलून दोन पडदे पुढें किंवा मागें न्यावी. नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. पेटीवर नवशिक्याला पट्टी बदलतांना जी धांदल होते ती येथें नाहीं.

उजव्या हाताचीं तर्जनी आणि मध्यमा ह्या दोन बोटांनीं आळीपाळीनें तार छेडावी, अंगठा टेकलेला असावा. तार ओरबाडूं नये. आखूड तार सैल असल्यामुळें जोरानें छेडली कीं पडद्यांवर आपटून खरखरते, आणि डाव्या बोटानें फार दाबली कीं स्वर चढतो. हळू हातानें वाजविणाऱ्याला ही तार जितकें देते तितकें आडदांडाला देत नाहीं. स्वर सुरूं करण्याइतकीच तो थांबविण्याची संवय करावी. बासचा स्वर ठेक्याच्या जागीं बंद केला नाहीं तर पुढच्या स्वरांत चिखल होतो. तबल्याच्या डग्ग्यावर तळवा टेकवून घुमारा आवरतात, त्याच जातीचें हें काम आहे.

ऐकण्याचाहि अभ्यास असतो. बीटल्सचीं १९६३-६४ च्या सुमारासचीं गाणीं, किंवा राहुल देव बर्मन ह्यांचें १९७० नंतरचें कोणतेंहि आवडतें गाणें, चांगल्या यंत्रावर तीनदां ऐकावें: एकदां गायकासाठीं, एकदां ठेक्यासाठीं, आणि तिसऱ्या वेळीं केवळ ह्या खालच्या सुरासाठीं. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकांतून तो बहुतेक ऐकूंच येत नाहीं. तेव्हां ‘आमच्या गाण्यांत बास नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं यंत्र बदलून पाहावें.

आमच्या किनाऱ्याकडे, म्हणजे तारापूर, सातपाटी, केळवें ह्या पट्ट्यांत, खाऱ्या हवेनें तारा लौकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानें प्रत्येक तार वरून व खालून पुसावी. पावसाळ्यांत लांकूड ओल पितें आणि दांडी किंचित् वांकते. तारा पडद्यांना लागूं लागतात किंवा फार उंच होतात. दांडीच्या आंत लोखंडी सळई असते, तिला किल्लीनें पाव फेरा दिला कीं बहुधा काम होतें. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक देऊं नये, एक दिवस थांबून पुन्हा पाहावें. आणि किल्ली कोणत्या बाजूला फिरवावयाची तें दुकानांतूनच, वाद्य घेतांना, एकदां हातानें करून घ्यावें.